विश्लेषण : डोक्यावर प्रकाश, मेंदूवर उपचार? निअर-इन्फ्रारेड हेल्मेटच्या दाव्यांत तथ्य किती?

टीव्हीचा रिमोट हातात घ्या, त्याचे पुढचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि कोणतेही बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही. पण मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसेल. (काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो दिसत नाही. मग सेल्फी कॅमेरा वापरून पाहा.) हा ठिपका म्हणजे निअर-इन्फ्रारेड प्रकाश. शाळेच्या पुस्तकातला ‘अवरक्त’ तो हाच. लाल रंगाच्या लगेच पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा.

याच प्रकाशाचे दिवे आतून बसवलेले हेल्मेट रोज वीस मिनिटे डोक्यावर घातले की विस्मरण थांबते, कंपवाताचा थरकाप कमी होतो, पक्षाघाताने गेलेला हात पुन्हा उचलता येतो, असे सांगणारे व्हिडीओ व्हॉट्सॲप गटांत फिरत असतात. माझ्या मामांना कंपवाताचे निदान होऊन सहा वर्षे झाली. गेल्या दिवाळीत असाच एक व्हिडीओ आमच्या घरच्या गटात आला आणि ‘तू इंजिनीअर आहेस, बघून सांग’ म्हणून माझ्या गळ्यात पडला. पहिला अंदाज ‘थोतांड असणार’ हाच होता. वाचत गेलो तसा तो अंदाज चुकीचा निघाला. विज्ञान यात आहे, बऱ्यापैकी जुने आहे. मात्र व्हिडीओत जे सांगितले जाते ते आणि प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले आहे ते, यांच्यात बरेच अंतर आहे.

हा उपचार नेमका काय आहे?

वैद्यकीय भाषेत याला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. साधारण ६०० ते ११०० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल किंवा निअर-इन्फ्रारेड प्रकाश, कमी ताकदीच्या लेझरमधून किंवा एलईडीमधून, शरीराच्या एखाद्या भागावर ठरावीक वेळ टाकायचा. मेंदूसाठी बहुधा ८१० किंवा १०६४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरतात.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कंबर शेकायला जो लाल दिवा लावतात, त्याच्याशी याची गल्लत होते. तो दिवा ऊब देण्यासाठी असतो. येथे ऊब अपेक्षितच नाही. प्रकाशाने पेशीच्या आतली रासायनिक घडामोड बदलावी, अशी कल्पना आहे. अल्झायमरसाठी सेकंदाला ४० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्यांचे प्रयोग अमेरिकेतील एमआयटीत सुरू आहेत, तेही वेगळे. त्यात साधा प्रकाश डोळ्यांवाटे जातो आणि मेंदूतील लहरींचा ताल बदलण्याचा प्रयत्न होतो. विक्रेते या दोन्ही गोष्टी एकाच पत्रकात घालतात, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

निअर-इन्फ्रारेडच का, याचे उत्तर करोनाकाळात घरोघर आलेल्या ऑक्सिमीटरमध्ये आहे. त्या चिमट्यात दोन दिवे असतात, एक साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि दुसरा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा निअर-इन्फ्रारेड. दोन्हींचा प्रकाश बोट पार करून पलीकडे जातो. निळा, हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन गिळून टाकते. हजार नॅनोमीटरच्या आसपासपासून पुढे शरीरातील पाणी अडवू लागते. मध्ये एक खिडकी उघडी राहते. १९७७ मध्ये फ्रान्स योब्सिस या शास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले, की हा प्रकाश कवटीतूनही आरपार जातो आणि त्यावरून मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधता येतो. आज त्यावर आधारलेली उपकरणे रुग्णालयांत आणि संशोधनात वापरली जातात. म्हणजे ‘प्रकाश कवटीत शिरतोच कसा’ हा आक्षेप टिकत नाही. तो शिरतो. किती शिरतो, हा खरा प्रश्न.

सुरुवात कुठून झाली?

उंदरांच्या केसांपासून. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत पहिला रुबी लेझर तयार केला. त्यानंतर काही वर्षांत लेझरने प्राण्यांमधील कर्करोगाच्या गाठी नष्ट केल्याचे अहवाल येऊ लागले. बुडापेस्टमधील डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास तोच प्रयोग करून पाहिला. पण त्यांच्याकडचा लेझर बराच कमी ताकदीचा होता. गाठींना काहीच झाले नाही. मात्र प्रयोगासाठी ज्या उंदरांचे केस भादरले होते, त्यांच्यातल्या लेझर दिलेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. मेस्टर पुढे हाच प्रकाश न भरणाऱ्या जखमांवर वापरू लागले. (केस उगवण्यासाठीचा लेझरचा कंगवा अमेरिकेत २००७ मध्ये अधिकृतपणे बाजारात आला. उंदरांच्या पाठीवरून माणसाच्या टकलापर्यंत यायला चाळीस वर्षे लागली.)

नासाचे नाव जाहिरातींत हमखास असते, त्यामागेही थोडे खरे आहे. अंतराळात रोपे वाढवण्यासाठी तयार झालेले एलईडी नासाच्या मदतीने अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे जखमा भरण्यासाठी तपासले गेले. पण ‘नासाने सिद्ध केलेला मेंदूवरचा उपचार’ असे काही नाही.

प्रकाशाने पेशीत काय घडते?

प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे तंतुकणिका असतात. अन्न आणि ऑक्सिजनपासून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा त्या तयार करतात. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो. त्यामुळे तंतुकणिका थकल्या, की फटका मेंदूला आधी बसतो. कंपवात, अल्झायमर या दोन्ही आजारांत त्या बिघडलेल्या आढळतात.

या तंतुकणिकांमध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे एक विकर असते. ऊर्जानिर्मितीच्या साखळीतला तो शेवटचा टप्पा. हे विकर लाल आणि निअर-इन्फ्रारेड प्रकाश शोषते, असे रशियातील टीना कारू यांनी मांडले. पेशी आजारी असताना या विकराला नायट्रिक ऑक्साइड चिकटून बसते आणि ऑक्सिजनची जागा अडवते. प्रकाशाने ते सुटते, साखळी पुन्हा चालू होते, अशी ही कल्पना. बोस्टनमधील मायकेल हॅम्ब्लिन यांच्यासारख्या संशोधकांनी ती पुढे नेली आणि आज प्रत्येक माहितीपत्रकात तीच छापलेली असते.

ती सर्वमान्य मात्र नाही. २०१९ मध्ये एका गटाने ज्या पेशींत हे विकरच नाही अशा पेशींवर लाल प्रकाश टाकला, आणि त्या पेशींची वाढही वेगाने झाली. म्हणजे प्रकाशाचा परिणाम होतो हे दिसते, पण तो नेमका कोणत्या दाराने होतो यावर अजून वाद आहे.

दुसरी अडचण मात्रेची. प्रकाश कमी पडला तर काही होत नाही, बेताचा असेल तर पेशीला उभारी येते आणि जास्त झाला तर उलट परिणाम होतो, असे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. त्यामुळे ‘आमच्या हेल्मेटमध्ये सर्वांत जास्त दिवे’ हा गुण आहे असे समजण्याचे कारण नाही. मात्रा मोजायचे गणित सोपे आहे. चौरस सेंटिमीटरला २० मिलिवॉट प्रकाश २० मिनिटे, म्हणजे १२०० सेकंद दिला, तर २४ जूल ऊर्जा पडली. पण हा आकडा कातडीवरचा. मेंदूपर्यंत किती पोहोचली, ते त्यात नाही.

माणसांवरची सर्वांत मोठी परीक्षा कोणती?

पक्षाघाताची. ही गोष्ट व्हिडीओंमध्ये सहसा येत नाही. किंवा तिचा पहिला तृतीयांशच येतो.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आपल्याकडे कितीतरी रुग्ण त्यानंतर रुग्णालयात पोहोचतात. रात्री झोपेत झटका आला आणि सकाळी कळले, तर ती वेळ आधीच निघून गेलेली असते. अशा वेळी २४ तासांपर्यंत देता येईल असा, शस्त्रक्रियेविना, औषधाविना उपचार मिळाला तर त्याचे मोल काय असेल, ते सांगायला नको. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फोटोथेरा या कंपनीने नेमके हेच करायचे ठरवले. सशांमध्ये कृत्रिम गुठळी सोडून, नंतर डोक्यावर लेझर दिल्यावर सशांची हालचाल सुधारली होती. मग माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. रुग्णाचे केस भादरायचे, डोक्यावर २० ठिकाणे ठरवायची आणि प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे ८०८ नॅनोमीटरचा लेझर धरायचा. निम्म्या किंवा काही रुग्णांवर यंत्र तसेच धरायचे, पण प्रकाश सोडायचा नाही. कोणाला खरा उपचार मिळाला, ते रुग्णालाही माहीत नाही आणि पुढे त्याला तपासणाऱ्यालाही नाही.

‘नेस्ट-१’ नावाच्या पहिल्या चाचणीचा निकाल २००७ मध्ये आला. रुग्ण १२०. तीन महिन्यांनी लेझर मिळालेल्यांपैकी ७० टक्के जणांमध्ये चांगली सुधारणा दिसली, खोटा उपचार मिळालेल्यांमध्ये ५१ टक्के. लेझर देईपर्यंत सरासरी १६ तासांहून अधिक वेळ गेला होता, तरीही हा फरक! उत्साह वाढणे साहजिक होते.

‘नेस्ट-२’मध्ये ६६० रुग्ण घेतले. निकाल २००९ मध्ये आला : लेझरच्या गटात ३६.३ टक्के रुग्ण चांगले बरे झाले, दुसऱ्या गटात ३०.९ टक्के. फरक लेझरच्या बाजूने होता, पण उपचारात काहीच दम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता नऊ टक्क्यांहून जास्त निघाली. संशोधनात ही मर्यादा साधारण पाच टक्के धरतात. म्हणजे नापास, पण थोडक्यात. मग त्याच आकडेवारीत शोधताना दिसले, की अतिगंभीर रुग्ण वगळले तर बाकीच्यांत फायदा स्पष्ट दिसतो. निकाल हातात आल्यावर असे गट पाडणे म्हणजे नाणे पडल्यावर छापा की काटा ते सांगण्यासारखे असते. तरी त्यातून पुढच्या चाचणीचा विषय मिळू शकतो, आणि येथे तसेच झाले.

‘नेस्ट-३’ सुमारे १००० रुग्णांवर व्हायची होती, आणि नेमके तसेच मध्यम तीव्रतेचे रुग्ण निवडून. ५६६ रुग्णांचा पाठपुरावा पूर्ण झाल्यावर स्वतंत्र देखरेख समितीने आकडे उघडून पाहिले. दोन्ही गटांत फरकच नव्हता. पुढे जाऊन काही हाती लागणार नाही म्हणून चाचणी थांबवण्यात आली. २०१२ मध्ये कंपनीही बंद पडली.

या तीन चाचण्यांचे श्रेय मात्र द्यायला हवे. उपचार निरुपद्रवी असल्याचे त्यांनी चांगल्या प्रकारे दाखवले. आणि १२० रुग्णांमध्ये झळकणारा आकडा हजाराच्या दिशेने जाताना कसा विरतो, तेही दाखवले. पाच, दहा, वीस रुग्णांच्या ‘अभ्यासा’वर हेल्मेट विकणाऱ्यांच्या पुढ्यात हा इतिहास ठेवायला हवा.

मग प्राण्यांमध्ये चालले ते माणसांत का चालले नाही?

एक कारण अगदी ढोबळ आहे, कवटीची जाडी. चाचणी फसल्यावर पॉल लॅपचॅक आणि सहकाऱ्यांनी चार प्राण्यांच्या कवट्या घेऊन ८०० नॅनोमीटरचा लेझर किती पलीकडे जातो ते मोजले. २०१५ मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले. उंदराच्या कवटीतून सुमारे ४० टक्के प्रकाश गेला, घुशीसारख्या मोठ्या उंदराच्या कवटीतून २१ टक्के, सशाच्या ११ टक्के आणि माणसाच्या जेमतेम चार टक्के. साहजिकच आहे. उंदराची कवटी पाव मिलिमीटरपेक्षाही पातळ, माणसाची सुमारे सात मिलिमीटर. ही मोजणी सर्वांत मोठी चाचणी संपल्यावर झाली, हे वाचताना मी जरा थबकलो. पूल बांधून झाल्यावर माती परीक्षण करण्यासारखे ते होते.

कवटी हा फक्त पहिला अडथळा. सोयीसाठी धरू, की डोक्यातील ऊतींमध्ये दर तीन मिलिमीटरला प्रकाश निम्मा होतो. प्रत्यक्षात तो याहून लवकर संपतो असे मानायला जागा आहे, पण हेल्मेटवाल्यांना थोडी सवलत देऊ. कातडीपासून मेंदूचा पृष्ठभाग साधारण १५ मिलिमीटर आत असतो. म्हणजे पाच वेळा निम्मे, शिल्लक तीन टक्के. तीन सेंटिमीटर आत गेल्यावर दहा वेळा निम्मे, उरला हजारावा हिस्सा. कंपवातात मेंदूच्या ज्या भागातील पेशी मरतात, तो ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ डोक्याच्या वरच्या बाजूपासून ८० ते १०० मिलिमीटर खोल, मेंदूच्या तळाशी आहे. ९० मिलिमीटरला तीस वेळा निम्मे करून पाहा. अब्जावा हिस्सा उरतो. तेथे वरून टाकलेला प्रकाश पोहोचत नाही, असेच म्हणायला हवे. उंदराचा अख्खा मेंदू एक सेंटिमीटरच्या आत मावतो, म्हणून त्याच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही.

यात अजून केसांचा हिशेब धरलेला नाही. काळे दाट केस आणि सावळी त्वचा यांतील मेलॅनिन प्रकाश शोषते. फोटोथेराने रुग्णांची डोकी भादरली होती ती उगीच नाही. जाहिरातीतल्या काकू मात्र अंबाड्यावर हेल्मेट घालून बसलेल्या असतात.

फ्रान्समधील ग्रेनोबल येथील क्लिनाटेक संस्थेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवायला घेतला. तेथील अलीम-लुई बेनाबिद यांनीच १९८७ मध्ये कंपवातासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घातला होता. प्रकाश बाहेरून आत जात नसेल, तर बारीक प्रकाशतंतू थेट त्या भागाजवळ न्यायचा, असा हा मार्ग. माकडांवरील प्रयोगांत ६७० नॅनोमीटरच्या प्रकाशाने पेशी वाचल्याचे दिसले आणि २०१६ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानंतर मोजक्या रुग्णांवर चाचणी हाती घेण्यात आली. कवटी उघडून तंतू आत सोडण्याची जोखीम ज्यांना पत्करावी लागते, त्यांना ‘हेल्मेट पुरेसे आहे’ असे वाटत नसावे.

चित्र एवढ्यावर बंद करता येत नाही, कारण एक गोष्ट या गणितात बसत नाही. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांची डोकी ॲल्युमिनियमच्या कागदाने झाकली आणि प्रकाश फक्त अंगावर टाकला. तरीही मेंदूतल्या पेशींना काही प्रमाणात संरक्षण मिळाले. कदाचित रक्तातून किंवा प्रतिकारशक्तीच्या पेशींमार्फत काही संदेश मेंदूपर्यंत जात असेल. तसे असेल तर कवटीचा मुद्दा थोडा मागे पडतो. मग प्रकाश डोक्यावरच कशाला टाकायचा, हा प्रश्न मात्र उभा राहतो.

कंपवात, अल्झायमर, डोक्याला मार... येथे काय दिसते?

कंपवातात सर्वांत जास्त हालचाल ऑस्ट्रेलियात आहे. टास्मानियात काही रुग्णांनी बादल्यांना आतून एलईडीच्या पट्ट्या चिकटवून घरगुती टोप बनवले. सहा रुग्णांचे असे अनुभव २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बऱ्याच लक्षणांत सुधारणा नोंदवली गेली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यानंतर सिडनीत ४० रुग्णांवर खऱ्या आणि खोट्या हेल्मेटची तुलना करणारी प्राथमिक चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आला. हेल्मेट घरी वापरता येते आणि ते सुरक्षित आहे, हे दिसले. पण खोटे हेल्मेट घातलेल्यांच्या हालचालीही सुधारल्या!

कंपवातात हे नवे नाही. आपल्याला औषध मिळते आहे या नुसत्या अपेक्षेने रुग्णाच्या मेंदूत डोपामाइन स्रवते, हे २००१ मध्येच मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले गेले आहे. कंपवात हा डोपामाइनच्याच कमतरतेचा आजार. म्हणून व्हिडीओतील आजोबा हेल्मेट काढून ताडताड चालू लागतात तेव्हा ते खोटे बोलत असतीलच असे नाही. त्यांना त्या दिवशी खरेच बरे वाटत असेल. ते प्रकाशामुळे, की आशेमुळे, ते व्हिडीओतून कळत नाही.

डोक्याला मार लागलेल्या ६८ रुग्णांवर बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झालेली चाचणी जास्त काटेकोर होती. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. अपघातानंतर ७२ तासांच्या आत हेल्मेट दिले गेले. एमआरआयमध्ये मेंदूच्या ऊतींत फरक दिसला, म्हणजे प्रकाशाने आत काहीतरी केले असावे. यांपैकी ३८ जणांच्या तपासण्यांचा पुढचा अभ्यास २०२४ मध्ये आला. पहिल्या दोन आठवड्यांत मेंदूच्या काही भागांमधील जोडणी प्रकाश मिळालेल्यांमध्ये जास्त वाढली. नंतर दोन्ही गट सारखे झाले. रुग्णाला प्रत्यक्ष जाणवणारा फायदा दोन्हींत स्पष्ट झाला नाही.

अल्झायमरबाबत पुरावा आणखी पातळ आहे. वारंवार दाखला दिला जातो तो २०१७ चा अभ्यास पाच रुग्णांचा होता. तुलनेचा गट नाही. निरोगी माणसांवरचे प्रयोग बरेच आहेत. बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि बीजिंगमधील संशोधकांनी २०२२ मध्ये ९० जणांवर केलेल्या प्रयोगात १०६४ नॅनोमीटरचा लेझर कपाळाच्या उजव्या बाजूला दिल्यावर पाहिलेले थोडा वेळ लक्षात ठेवण्याची क्षमता २५ टक्क्यांपर्यंत वाढली. ८५२ नॅनोमीटरने तसे झाले नाही. हे रंजक आहे. पण त्यावरून ‘आजोबांचे विस्मरण थांबेल’ असे म्हणणे म्हणजे खेळाडूची शर्यत जलद झाली म्हणून मोडलेला पाय जुळेल असे म्हणणे.

हा प्रकाश कुठेच सिद्ध झालेला नाही का?

झालेला आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर किरणोपचार सुरू झाले, की तोंड आतून सोलवटते. पाणी गिळणेही नको होते. उपचार मध्येच थांबवावे लागतात. गुटखा-तंबाखूमुळे आपल्याकडे असे रुग्ण किती आहेत ते वेगळे सांगायला नको. येथे कमी ताकदीचा लाल लेझर तोंडाच्या आत दिला तर हा त्रास कमी होतो. कर्नाटकातील मणिपाल येथे २२१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हे दिसले. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत हा उपचार आता शिफारस म्हणून आहे. वाढत्या वयात डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग झिजण्याच्या एका प्रकारासाठीही अशा उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२४ मध्ये परवानगी दिली. तोंडाचे अस्तर, डोळ्याचा पडदा. दोन्ही ठिकाणी प्रकाशाच्या वाटेत कवटी नाही.

हेल्मेट विकत घ्यावे का?

परदेशी कंपन्यांची हेल्मेट आयात करून लाखाच्या पुढे जातात. ऑनलाइन काही हजारांतही मिळतात. ‘एफडीए रजिस्टर्ड’ असे लिहिलेले दिसले तर एवढेच समजावे, की कंपनीने आपले नाव नोंदवले आहे. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, असे एफडीए स्वतःच सांगते. भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे रोगावर उपचार म्हणून विकायचे तर परवाना लागतो. तो टाळण्यासाठी खोक्यावर ‘वेलनेस’ लिहायचे आणि फोनवर कंपवाताबद्दल बोलायचे, ही नेहमीची वाट. शिवाय १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविरोधातील कायदा आहे. ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत पक्षाघात, अपस्मार आणि मेंदूचे विकार आहेत.

कोणी ‘संशोधनात सहभागी व्हा’ म्हणत पैसे मागितले तर सावध व्हावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो, आणि खरी चाचणी ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत मोबाइलवरूनही शोधता येते.

धोका किती? प्रकाश योग्य मात्रेत असेल तर फारसा नाही. लेझर डोळ्यांत जाऊ देऊ नये. प्रकाशाने त्वचेवर त्रास होणारी औषधे सुरू असतील तर डॉक्टरांना विचारावे. मोठा धोका हेल्मेटचा नाही, हेल्मेट आल्यावर बाजूला पडणाऱ्या गोष्टींचा आहे. कंपवाताची लेव्होडोपाची गोळी अचानक बंद केली तर तीव्र ताप, अंग लाकडासारखे ताठरणे, शुद्ध हरपणे, इथपर्यंत पाळी येऊ शकते. पक्षाघातानंतर रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकली, तर दुसरा झटका येण्याची भीती असते. नियमित व्यायामाचा आणि फिजिओथेरपीचा फायदा मात्र नीट तपासलेला आहे, आणि लाखाचे हेल्मेट घेतल्यावर पैसे कापले जातात ते नेमके त्यातूनच.

आमच्या गटातील व्हिडीओखाली एक नंबर होता. त्यावर मी चार प्रश्न पाठवले. तरंगलांबी किती, चौरस सेंटिमीटरला ताकद किती, खोट्या हेल्मेटशी तुलना करून झालेली चाचणी कोणती, आणि परवाना क्रमांक काय. तरंगलांबी लगेच कळवली. बाकी तिन्ही प्रश्नांना उत्तर म्हणून आणखी एका आजोबांचा व्हिडीओ आला. मामांनी हेल्मेट मागवले नाही. पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारायच्या गोष्टींची एक चिठ्ठी ते गोळ्यांच्या डबीत ठेवतात. तिच्यात ते लिहून ठेवले आहे, तिसऱ्या क्रमांकावर, बद्धकोष्ठता आणि रात्रीची झोप यांच्या खाली.